आटे पाडू नयेत

दिघेसाहेबांनी माझ्या जेवणाच्या डब्यावर टिचकी मारली, ती आमची पहिली भेट. ड्रॉइंग ऑफिसात मी तेव्हा नवी, बाई म्हणून एकटीच, आधीच जीव मुठीत धरून बसलेली. आणि हे गृहस्थ ओळख ना देख, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, डब्यावर टणकन टिचकी मारतात, मान वाकडी करून ऐकतात आणि म्हणतात, "तळ पातळ झालाय. आंबट ताक नेता काय रोज?"

असा राग आला मला! डबा आईचा होता. आणि ताक मी रोज नेत होते हेही खरंच होतं. "नेते. तुम्हाला काय करायचंय?" असं मी फाडकन बोलून गेले, आणि मग शेजारच्याने कानात सांगितलं की हेच आपल्या पाईप विभागाचे मुख्य इंजिनिअर, म्हणजे माझे साहेब. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "मला काही करायचं नाही बाई. अंगावर सांडेल म्हणून सांगितलं," एवढं म्हणून बूट वाजवत निघून गेले. पुढे एक दिवस एसटीत त्या डब्याचा तळ पाझरला आणि माझं चांगलं इरकली लुगडं वाया गेलं. मी ते त्यांना कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं त्यांनी.

बुटांचं सांगायलाच हवं. देहूरोडच्या लष्करी लिलावातून आणलेले काळे, जाड टाचांचे बूट. चालताना असे करकरायचे की साहेब जिन्यात असतानाच आख्खं ऑफिस कामाला लागायचं. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, एकदा म्हणाल्या, "तेल लावून बघितलं, मेण लावून बघितलं, पण मेले गप्प म्हणून बसत नाहीत." त्याच वहिनींनी मला सांगितलं की लग्नात मुलीच्या अंगावरचे दागिने बघण्याऐवजी नवरदेवाने रुखवतातल्या सगळ्या भांड्यांवर टिचक्या मारल्या, आणि एका कळशीपाशी थांबून सासऱ्यांना म्हणाला, "ही बुडाशी दोन वर्षांत जाईल." सासरे मटकन खाली बसले. कळशी दोन वर्षांत गेली.

कारखाना पिंपरीच्या पुढे, मुंबई रस्त्याला लागून होता. तेव्हा तिथे आजच्यासारखं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि बाभळी, मधेच एखादी नवीकोरी चिमणी. मी भावाकडे कासारवाडीला राहायची, एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर पायी यायची. इंजिनिअर लोकांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंगं मेणकापडावर शाईने उतरवायची, हे माझं काम. दिघेसाहेबांच्या पेन्सिलीची रेघ मी अंधारातही ओळखली असती. दाबून काढलेली, आणि कुठेही खोडलेली नाही.

त्यांचं एक वाक्य होतं. कुणीही, कसलीही जाडी सांगितली की ते म्हणायचे, "जाडी सांगू नका. उरतं किती ते सांगा." पाईप असो, पगार असो, की आंब्याची कोय असो. आमच्या ऑफिसातल्या एकाचं लग्न ठरलं आणि तो मुलीकडच्यांच्या मोठेपणाचं कौतुक सांगायला लागला, तर साहेब मान वर न करता म्हणाले, "चार वर्षांनी सांग, उरलं किती ते." तो बिचारा पेढ्यांचा पुडा घेऊन तसाच परत गेला. असा माणूस. तोंडात गोड शब्द म्हणून नाही. पण कुणाचं मूल आजारी आहे म्हणून कळलं, तर संध्याकाळी बुटांचा आवाज त्याच्या घराच्या पायरीशी ऐकू यायचाच.

साहेबांचा जीव एका माणसावर फार होता, आणि त्याच्याशीच त्यांची रोज भांडणं व्हायची. नामदेव गवारे, आमचा फिटर. चाकणच्या अलीकडच्या एका वाडीवरचा. लष्कराच्या पाण्याच्या लाईनी टाकता टाकता तो कामाला तयार झालेला. पाईपच्या टोकाला स्क्रूसारख्या खाचा पाडतात, त्यांना आटे म्हणतात. आटे पाडायचे, गळू नये म्हणून त्यावर तागाचे धागे गुंडाळून सफेदा फासायचा आणि पान्याने जॉइंट आवळून टाकायचा, ही आपल्याकडच्या सगळ्या फिटरांची रीत. नामदेवने पाडलेले आटे तर सोनाराने बघावेत असे. त्याचा त्याला अभिमानही तेवढाच. साहेब खूश असले की त्याला नाम्या म्हणायचे आणि चिडले की नामदेवराव. दिवसातून चारदा तरी नामदेवराव व्हायचं.

मग ती ॲसिडची लाईन आली.

कारखान्यात नवा विभाग उभा राहणार होता. एका टाकीतून दुसऱ्या विभागापर्यंत गरम नायट्रिक ॲसिड न्यायचं, त्यासाठी परदेशातून स्टेनलेसचा पाईप मागवायचा. पाईपची भिंत किती जाड घ्यायची याचे त्या धंद्यात नंबर असतात, शेड्यूल म्हणतात त्याला. दहा नंबर पातळ, चाळीस नंबर जाड. बाहेरून दोन्ही एकसारखेच दिसतात. हातात उचलल्यावर वजनावरून कळतं. परदेशी सल्लागारांच्या ड्रॉइंगवर दहा नंबर होता आणि सगळे जॉइंट वेल्डिंगचे होते. दिघेसाहेबांनी त्यावर काट मारून चाळीस लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी त्यांना लगोलग बोलावून घेतलं. ड्रॉइंगं धरायला म्हणून मीही गेले.

मॅनेजर सबनीस वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. डोक्यावर दिल्लीपासून मुंबईपर्यंतचे लोक बसलेले, झोप नाही, पोटात अल्सर. ते म्हणाले, "दिघे, हा स्टेनलेस आहे. ह्याला ॲसिड खात नाही. मग भिंत जाड कशाला?"

"ॲसिड नाही खाणार साहेब. आपले फिटर खातील."

"म्हणजे?"

साहेबांनी खिशातून पोस्टकार्डांची एक गड्डी काढली. घरी आलेली जुनी पत्रं होती ती. टेबलावर ठेवून म्हणाले, "हा चाळीस नंबर." मग वरची चार कार्डं उचलली. "आता हा दहा नंबर. वेल्डिंग केलं तर दहा नंबर उत्तम आहे, मीही तोच घेतला असता. पण आपल्याकडे हे पातळ काम जमणारा वेल्डर एकच आहे, करीमभाई. तो नसला की माणसं काय करणार? त्यांना येतं तेच. आटे पाडणार." आणि उरलेल्यातली निम्म्याहून जास्त कार्डं त्यांनी उचलली. "हे आट्यांत गेलं. आता ह्याच्या एका बाजूला उकळतं ॲसिड आहे आणि दुसऱ्या बाजूला नामदेव उभा आहे. उरलं किती ते बघा."

सबनीसांनी उचललेल्यातलं एक कार्ड घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "काकूंचा दमा कसा आहे आता?"

"गेल्या त्या," साहेब म्हणाले.

सबनीसांनी कार्ड परत गड्डीवर ठेवलं. मग सबनीसांनी खरं काय ते सांगितलं. परदेशी माल आणायचा परवाना वजनावर मिळाला होता. जाड पाईप घेतला तर तेवढ्या वजनात लाईन अर्ध्या वाटेतच संपणार. "पुढची काय बांबूची घालू? आणि नवा परवाना मागितला तर हा विभागच दुसऱ्या राज्यात जाईल. इथली माणसं घरी बसतील, तुमच्या नामदेवासकट."

"कॉकांजवळच्या तुकड्यांपुरती तरी जाड पाईपची एक लांबी मागवा. एकच."

"आख्ख्या यादीत एक लांबी वेगळी? दिल्ली विचारेल, एकच का? मग मी त्यांना तुमची पोस्टकार्डं दाखवू?"

साहेबांनी पत्रं गोळा केली, नीट रबर लावलं आणि खिशात ठेवली. ड्रॉइंगवरच्या चाळीसवर काट मारून परत दहा लिहिलं. स्वतःचंच लिहिलेलं त्यांनी खोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बाई, ह्या लाईनच्या प्रत्येक ड्रॉइंगवर मराठीत लिहायचं. मोठ्या अक्षरात. 'ह्या पाईपवर आटे पाडू नयेत.'" इंग्रजी ड्रॉइंगवर मराठी! ऑफिसात हसले सगळे. पण मी लिहिलं, अगदी घोटून, काळ्याभोर शाईत. साहेब बघून म्हणाले, "चांगलं आलंय. हे त्यांच्या उपयोगी पडेल." त्यांच्या तोंडून कौतुक म्हणून एवढंच ऐकलं मी सगळ्या नोकरीत.

नुसतं लिहून ते थांबले नाहीत. शेडच्या मागे पपईची झाडं होती. साहेबांनी सगळ्या फिटरांना तिथं बोलावलं, पपईच्या पानाचा एक लांब देठ तोडला आणि नामदेवच्या हातात दिला. देठ आतून पोकळ असतो. "फुंक," म्हणाले. नामदेवने फुंकलं. मग साहेबांनी ब्लेडने देठाच्या टोकाला गोल गोल खाचा पाडल्या, आट्यांसारख्या. "आता पिरगळ. पाना मारतोस तसा." नामदेवने पिरगळलं आणि देठ पहिल्याच खाचेशी कटकन मोडला. सगळे खो खो हसले.

"साहेब, पपई ती पपई," नामदेव म्हणाला. "लोखंड काय पपई हाय व्हय?"

"हा पातळ पाईप पपईच आहे नामदेवराव. आटे पाडलेस तर उरतं किती?"

"पापुद्र्याएवढं."

"मग काय करायचं नाही?"

"आटं पाडायचं न्हाई," नामदेव शाळेतल्या पोरासारखा म्हणाला, आणि परत सगळे हसले. मी खिडकीतून बघत होते. मीही हसले.

करीमभाई वेल्डर म्हणजे अबोल, कष्टाळू माणूस. पातळ भिंतीला भोक न पाडता टाका घालणं फार नाजूक काम, आणि तो ते देवघरातल्या वातीसारखं जपून करायचा. लाईन हळूहळू पुढे सरकत होती. साहेब रोज जाऊन प्रत्येक जॉइंटवर टिचकी मारायचे. पण तेव्हा मुंबईकडे तेलाचे मोठे कारखाने उभे राहत होते आणि तिकडे वेल्डरांना सोन्याचा भाव आला होता. एक दिवस करीमभाई टोपी हातात घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभा राहिला. "साब, नाराज मत होना. घर में छोटे छोटे बच्चे हैं."

साहेबांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "जा. तिकडे चष्मा लावल्याशिवाय काम करू नकोस." झालं. अडवलं नाही, की विनवलं नाही. मला वाटलं, अरे देवा, ह्या माणसाला स्वतःसाठी काही मागताच येत नाही की काय!

लाईनचा फक्त शेवटचा तुकडा राहिला होता, टाकीच्या तोंडाशी, कॉकाजवळचा. आणि उद्घाटनाची तारीख येऊन ठेपली होती. मंत्री येणार, मांडव पडलेला. साहेबांचं म्हणणं, तेवढा तुकडा मोकळा ठेवा, त्यावर झेंडूच्या माळा सोडा, कुणाच्या बापाला कळणार नाही. वेल्डर मिळाला की जोडू. सबनीस भडकले. फिटर लोकांसमोर, शेडमध्ये उभं राहून म्हणाले, "दिघे, तुमच्या एका हट्टापायी कंपनीचं नाक कापलं जाणार आहे. तुमच्याऐवजी दुसरा कुणी असता तर ही लाईन केव्हाच पुरी झाली असती!" साहेब खाली मान घालून ऐकत होते. नामदेवही पाना हातात धरून ऐकत होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सुट्टी होती, पण नामदेव वाडीवर गेला नाही. सगळे घरी असताना तो एकटा शेडमध्ये आला, आणि जन्मभर जे येत होतं ते त्याने केलं. साहेबांची मान खाली गेलेली त्याला बघवली नव्हती, एवढंच. स्टोअरमधून आट्यांचा कॉक काढला आणि त्या पातळ पाईपवर, जमेल तितके उथळ, जमेल तितके सुबक आटे पाडून तुकडा जोडून टाकला.

उद्घाटनाच्या सकाळी बुटांचा आवाज टाकीपाशी जाऊन थांबला. मी माळा घेऊन तिथंच होते. नामदेव धुतलेली टोपी घालून उभा. सगळा चेहरा हसत होता त्याचा. "साहेब, झालं तुमचं काम. आता कुनी काय बोलंल तर माझ्याशी गाठ हाय."

साहेबांनी जॉइंट बघितला. टिचकी मारली. आणि तिथंच, सिमेंटच्या कट्ट्यावर, कोऱ्या पँटीसकट बसले. मला वाटलं आता नामदेवराव होणार. पण ते एवढंच म्हणाले, "अरे नाम्या, नाम्या." नामदेवचं हसू हळूहळू मावळलं. "उथळ पाडल्यात साहेब," तो म्हणाला. "ताग न्हाई वापरला. तुमी सांगितलं व्हतं ना, ॲसिडात ताग जळतो." मी कुणाकडे बघावं ते मला कळेना.

साहेबांनी सबनीसांना गाठलं. लाईन बंद ठेवा म्हणून अक्षरशः हात जोडले. सबनीसांनी गार पाणी दाबाने भरून बघितलं. जॉइंटने पाण्याचा थेंब बाहेर येऊ दिला नाही. "धरलं ना पाण्याला? मग झालं तर! कार्यक्रम उरकू द्या, नंतर बदलू," म्हणाले. कार्यक्रम उरकला. मंत्र्यांनी कॉक फिरवला, फोटो निघाले. त्यानंतर माल निघायला लागला, मालाला मागणी आली आणि लाईन बंद करायला वेळ कुणाला होता? आज करू, महिनाअखेर होऊ दे, वेल्डर कुठाय, पाईपचा तुकडा तरी कुठाय? खरंच नव्हता. जाड पाईपची एक लांबी असती तर नामदेवच्या त्याच आट्यांनी वर्षानुवर्षं काम दिलं असतं.

रोज सकाळी साहेबांचे बूट आधी टाकीकडे जायचे आणि मग ऑफिसात यायचे. त्या काळात ते कुणावर रागवायचे नाहीत, त्यामुळे आम्हालाच धास्ती वाटायची. नामदेवला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "तो जॉइंट पाझरायला लागला तर हात लावायचा नाही. पाना तर मुळीच नाही. पळायचं, आणि लाईन बंद करायला सांगायचं." "व्हय," म्हणायचा नामदेव. रोज विचारायचे, रोज व्हय.

शेवटी साहेब स्वतःच मुंबईला गेले, करीमभाईला शोधायला. एका रविवारपुरता तरी ये म्हणून.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जॉइंटमधून थेंब पडायला लागले. मशीनवरच्या माणसाने ओरडून नामदेवला बोलावलं. नामदेव आला, त्याने बघितलं. आता सांगा, वीस वर्षं ज्या हातांनी एकच गोष्ट केली, की गळतंय तर आवळ, ते हात थांबतील कसे? साहेब गावात नाहीत, येऊन बघतील तर गळती दिसेल, एवढं त्याच्या मनात आलं असेल. त्याने पाना लावला आणि थोडासाच फेर दिला. पाईप पहिल्याच आट्याशी मोडला. पपईच्या देठासारखा, असं पुढे तो स्वतःच म्हणाला.

किंकाळी आम्हाला ऑफिसात ऐकू आली. त्यापुढचं मी लिहीत नाही. पुण्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण दोन्ही डोळे गेले.

दुपारी जिन्यात बूट वाजले. दिघेसाहेब आत आले ते हसत. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. दात दिसत होते. "बाई, येतोय तो! करीमभाई! रविवारी पहाटेच्या गाडीने येतोय, मालकाला खोटं सांगून!" सगळ्यांनी माना खाली घातलेल्या. ते एकेकाकडे बघायला लागले आणि मला कळलं की हे मलाच सांगावं लागणार आहे. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ते उभेच राहिले, हातात मुंबईहून आणलेल्या खजुराचा पुडा तसाच. करीमभाईच्या बायकोने दिला होता, नामदेवच्या पोरांसाठी.

मग चौकशी बसली, आणि मला ड्रॉइंग घेऊन बोलावलं. चौकशीच्या साहेबांनी माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "हे इथं पहिल्यापासून लिहिलेलं आहे? फिटरांना वाचता येतं?" मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? कायद्यात असं होतं की कामगाराने स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला आणि त्यात इजा झाली, तर त्याला भरपाई नाही. स्पष्ट हुकूम समोर होता. मराठीत, घोटून, काळ्याभोर शाईत. त्याच्या जिवासाठी लिहिलेली ओळ त्याच्याच पोटावर आली.

तेव्हा दिघेसाहेब उठले आणि म्हणाले, "त्या तुकड्यावर आटे पाडायला मी तोंडी सांगितलं होतं. उद्घाटन अडायला नको म्हणून. नामदेवने माझा हुकूम पाळला."

मी थक्क झाले. जन्मात केसाएवढं माप खोटं न सांगितलेला माणूस! आवाज स्थिर होता, पण उजव्या हाताचं बोट टेबलावर टिचक्या मारत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं. सबनीसांनी त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. त्यांनाही खरं ठाऊक होतं. पण ते बोलले नाहीत, तेवढं मात्र त्यांच्या नावावर मांडायला हवं. मला वाटलं, निभावतंय. साहेबांची नोकरी जाईल, पण नामदेवचं घर तरेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन कारकुनाने नामदेवचा जबाब घेतला. तो त्याने बोलल्याप्रमाणे लिहून आणला आणि सगळ्यांसमोर वाचला. "दिघेसाहेबांनी न्हाई सांगितलं. त्ये खोटं बोलत्यात, मला वाचवाया. त्यांनी तर पपईचा देठ मोडून दावला व्हता. आटं म्याच पाडलं, माझ्या मनानं. पाना बी म्याच लावला. साहेबांची नोकरी घालवू नगा, त्यांची काय चूक न्हाई."

संपलं. नामदेवने हुकूम मोडला, भरपाई नाही. साहेबांनी चौकशीत खोटं सांगितलं, राजीनामा द्या. दोघांनी एकमेकांना वाचवायला हात घातला आणि दोघंही बुडाले. तो कागद वाचून होताना साहेब कुणाकडे बघत नव्हते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई, एवढा खरं बोलायला त्याला कुणी शिकवलं हो?" मी रडायला लागले तसे ते बूट वाजवत निघून गेले. टेबल आवरायलाही परत आले नाहीत. पट्टी आणि कंपास मीच वहिनींना नेऊन दिली.

पुढे ते कधी आकुर्डीकडे कुठल्याशा पंपवाल्याकडे कामाला आहेत असं ऐकू यायचं, कधी नाहीत असंही. माझी भेट झाली नाही.

मग एकदा मी मुद्दाम नामदेवच्या वाडीवर गेले. चाकणच्या अलीकडे एसटीतून उतरून बांधाबांधाने बरंच चालावं लागतं. उन्हाची वेळ, अंगण सारवलेलं. नामदेव बाजेवर बसला होता, हातात कसला तरी दोर वळत. डोळ्यांवर स्वच्छ फडकं. त्याची बायको दारात कांदे निवडत होती. मला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं आणि नजरेने कोपरा दाखवला.

गोठ्याच्या भिंतीशी दिघेसाहेब उभे होते. अनवाणी. बूट हातात धरलेले. वाळले होते, दाढी वाढली होती. नामदेवपासून दोन हातांवर उभे राहून ते त्याच्याकडे नुसते बघत होते.

बायको मला गोठ्यामागे घेऊन गेली आणि कुजबुजली, "दर बाजाराला येत्यात. आधी बोलायचं. पन साहेबांचा आवाज ऐकला की ह्ये ढसाढसा रडायचं, माझ्यापायी तुमची नोकरी गेली म्हनून पाय धरायचं. डागदर म्हनला, डोळ्याच्या जखमा वल्या ठिवू नगा. तवापासनं सायेब बोलत न्हाईत. भाजी ठिवत्यात, बघत्यात आन् जात्यात."

आम्ही परत अंगणात आलो. नामदेवने चाचपून तांब्या उचलला, पाणी प्यायला आणि तांब्या बाजेच्या कडेला ठेवला, नेमका साहेबांच्या हाताशी. मी बघत होते. साहेबांचा उजवा हात सवयीने वर आला, बोट वाकलं. आणि मग त्यांनी बूट काखेत धरून डाव्या हाताने ते बोट घट्ट पकडलं. मुठीत दाबून धरलं. टिचकी वाजली असती तर नामदेवने ती क्षणात ओळखली असती.

काहीतरी हललं असावं. नामदेवने मान वळवली. "कोन हाय गं?"

बायकोने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली.

"कोन न्हाई," ती म्हणाली.

नामदेव परत दोर वळायला लागला. साहेबांनी बोट सोडलं नाही. तापलेल्या जमिनीवर अनवाणी पावलं टाकत, बूट काखेत धरून, ते बांधावरून निघून गेले.